ताईला दोन जीबी पुरले

मी लबाड नाही, असं मी आयुष्यभर समजत आलो. वाईट बातमी मला तोंडावर सांगता येत नाही, एवढंच. त्याला मी मऊपणा म्हणायचो. ताईची दृष्टी गेली, तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं आणि या मऊपणाला मोकळं रान मिळालं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. चौतीस वर्षं तिनं आमच्या या हिंदी मुलखातल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून काढली. दिवसभर हिंदी बडवायची, घरी आली की मराठी बोलायची. काचबिंदूनं एक डोळा नोकरीतच अधू केला होता, निवृत्तीनंतर दुसराही गेला. जिजाजी आधीच गेलेले, मुलगा पुण्याला. शिंदे की छावनीत दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहते, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते आणि कोणी मदतीला हात पुढे केला तर तो झटकून टाकते. मी राहतो पाटणकर बाजाराच्या मागे. रोज अकराला तिच्याकडे जायचं, पेपर वाचायचा, मग तिच्या फोनवरचे ईमेल वाचायचे, ती सांगेल ते उत्तर टाइप करायचं आणि जेवायच्या वेळेला घरी. असं तीन वर्षं चाललं होतं.

वाचताना मी गाळायचो. आधी ओळखीच्यांच्या निधनवार्ता गाळल्या. मग अपघात. मग भाच्याच्या मेलमधली एखादी तिरकी ओळ. ताई विचारायची, "बस? इतकंच?" आणि मी बिनदिक्कत म्हणायचो, "इतकंच."

एक दिवस मात्र मी जे गाळलं, त्याला मऊपणा म्हणायची माझी आता हिंमत होत नाही. त्या सकाळी डॉक्टरांनी ताईला सांगितलं होतं की नजर परत येणार नाही. दवाखान्यातून आलो. जिना ती पायऱ्या मोजत चढली. वर आल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, मेल बघ." मेल इंदूरचा होता, तिच्या मैत्रिणीचा. दोघी एका कचेरीत एका टेबलाशी वीस वर्षं बसलेल्या. मैत्रीण निवृत्त झाल्यावर मुलीकडे इंदूरला गेली होती. तिनं लिहिलं होतं की पोटात गाठ निघालीय, पसरलीय, डॉक्टर फार दिवस देत नाहीत. एकदा ये. एकटीला जमणार नाही, भावाला घेऊन ये.

मी वाचलं, "इंदूरला पाऊस चांगला झाला. नातू शाळेत जायला लागला. मी मजेत आहे."

ताईनं उत्तर सांगितलं. या वर्षी कैरीचं लोणचं कसं बिघडलं, मीठ कमी पडलं की तेल, याचं दोन परिच्छेद वर्णन होतं त्यात. मी ते जसंच्या तसं टाइप केलं आणि पाठवून दिलं. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. तो उद्या काही उगवला नाही. चार महिन्यांनी मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला, आई गेली म्हणून. ते मात्र सांगावंच लागलं.

ताई रडली नाही, चिडली. "वीस वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाल्ली आणि जाताना मला एक अक्षर कळवलं नाही?" मुलीचे नंतर दोनदा फोन आले, ताई बोलायला आली नाही. तेव्हापासून त्या बाईचा विषय निघाला की, "सोड, ती माझी कोणी नव्हती," एवढंच. आणि मी समोर पेपर धरून हे ऐकत बसायचो. तो मेल पुसून टाकावा असं कितीदा तरी मनात आलं. बोट न्यायचो आणि मागे घ्यायचो. तेवढं धाडस नव्हतं म्हणा, किंवा तेवढा हलकटपणा नव्हता म्हणा.

तर अशा परिस्थितीत गेल्या उन्हाळ्यात ताईनं जाहीर केलं, "मला माझं वाचायचंय. स्वतः."

तो मेल अजून तिथेच होता. पण नाही कसं म्हणणार? फोनवर तिचा प्रयत्न करून झाला होता. साखरेच्या आजारानं बोटांची टोकं बधिर झालेली, काचेवर बोट कुठं पडलं ते तिला कळायचं नाही. "मला बटणं हवीत," ती म्हणाली. भाच्याचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात चादरीखाली पडून होता. "तो लाव. बोलणारा कर."

आता कॉम्प्युटर हा माझा प्रांत. एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळली आहे. पोरांना लिनक्स शिकवलंय, माउस चोरणाऱ्यांना पकडलंय. हे मशीन उघडून बघितलं, मेमरी दोन जीबी. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: डिस्क म्हणजे घरातलं फडताळ आणि मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम करताना सामान ओट्यावर काढून ठेवावं लागतं. ओटा लहान असला तर एक भांडं मांडायला दुसरं उचलून फडताळात ठेवा, ते काढायला तिसरं ठेवा, आणि भाजी करपते. आजच्या हिशेबानं दोन जीबी म्हणजे अगदीच चिमुकला ओटा. या मशिनीचा मदरबोर्डही जुना, त्यावर याहून जास्त मेमरी बसत नव्हती.

मी त्यावर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची सिस्टीम, घातलं. आणि कोणतं घातलं? मला जे आवडतं ते. खिडक्या उघडताना हळूच उमलतात, कडेला सावली पडते, मागे डोंगराचं झकास चित्र, खाली चमकणाऱ्या चित्रांची पट्टी. चिन्हं चांगली हाताच्या पंजाएवढी मोठी केली, रंग ठळक केले. दोन दिवस खपलो. ज्या बाईला उजेड आणि अंधार यातला फरक कळत नाही तिच्यासाठी मी रंग निवडत होतो! तेव्हा ते लक्षात आलं नाही, शप्पथ. वर पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम लावला, मेलसाठी ब्राउझर उघडला आणि मशिनीनं मान टाकली. आत डिस्क खडखडतेय, आवाज काही येत नाही. ताई बटण दाबायची आणि उत्तर यायला इतका वेळ लागायचा की तोवर तिनं आणखी चार बटणं दाबलेली असायची. मग सगळी उत्तरं एकदम, गर्दीत ढकलाढकली केल्यासारखी.

"मेमरी पुरत नाही, ताई," मी म्हटलं. "हल्ली आठ जीबी तरी लागते." हे सांगताना मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, छोडो ना यार ये झंझट, दिवाळीला येताना मी नवीन घेऊन येतो." मी लगेच म्हटलं, "हां, दिवाळीपर्यंत थांबू." पाच महिने मिळाले होते मला.

ताई मात्र दिवाळीपर्यंत थांबणारी नव्हती. तिनं कुठून कुठून अंध मंडळींचा एक फोनवरचा गट शोधून काढला आणि आठच दिवसांनी मला फर्मान सोडलं, "अरे, हलका डेस्कटॉप म्हणून काही असतो. चित्रं नाहीत, सावल्या नाहीत, काही नाही. तो घाल."

लॅबवाल्या माणसाला हे घरी बसलेल्या बहिणीनं सांगावं! कान गरम झाले माझे. कारण मला ते ठाऊक होतं. लॅबच्या सुरुवातीच्या दिवसांत आम्ही बत्तीस एमबीच्या मशिनींवर लिनक्स चालवलं होतं. बत्तीस एमबी! ताईच्या मशिनीच्या साठाव्या हिश्श्याहून कमी. त्यावर पोरांनी प्रोग्राम लिहिले, पास झाली, नोकऱ्यांना लागली. पुढे वर्षावर्षाला मेमरी वाढत गेली आणि आम्ही तिच्यात डोळ्यांचे लाड भरत गेलो.

चरफडत मी हलका डेस्कटॉप घातला. अगदी साधा, नुसती राखाडी पाटी. मशीन सुरू केलं, चहाचा कप उचलेपर्यंत ते बोलायला लागलं. तो आवाज काही माणसाचा नव्हे, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, पण बटण दाबल्याबरोबर हजर. मी मेमरी बघितली. सगळा डेस्कटॉप, वर तो वाचणारा प्रोग्राम, वर तो आवाज, सगळं मिळून चारशे एमबीच्या आत. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. आकडा तोच.

आणि मग ताईनं मला खरं थक्क केलं. टाइपरायटरच्या बटणांची जुनी हिंदी मांडणी लिनक्समध्ये आहे. ती लावून दिली मात्र, तिची बोटं बटणांवर गेली आणि चौतीस वर्षं जशी चालत होती तशी चालू लागली. बोटांची टोकं बधिर असोत नाहीतर काही असोत, बोटांना जागा माहीत होती. ती तेवढ्यानं थांबली नाही. "हा फार रेंगाळतो," म्हणाली आणि आवाजाची गती वाढवली. मग आणखी वाढवली. मग इतकी, की मला नुसती खरखर ऐकू यायला लागली, शेंगदाणे भाजताना येते तशी. मी म्हटलं, "ताई, बिघडलं ते."

"बिघडलं नाही, वाचतोय. पेपरातलं संपादकीय वाचतोय." आणि तिनं मला त्यातली वाक्यं घडाघडा सांगितली.

"तुला कळतंय हे?"

"अरे, बाबांची आवर्तनं विसरलास?"

आमचे वडील पौरोहित्य करायचे. गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं बसायची, लोकांकडे वेळ कमी, म्हणून बाबा अशा वेगात म्हणायचे की ऐकणाऱ्याला एक अक्षर हाती लागू नये. ताई शेजारी तांदळाचे दाणे मांडून आवर्तनं मोजायची आणि बाबांचं एक पद जरी सुटलं तरी तिथल्या तिथे बोट वर करायची. मी त्याच पंगतीला बसून पेंगायचो. साठ वर्षांनी तोच कान जागा होऊन या मशिनीला पळवत होता. मी तिच्याकडे बघत राहिलो. ही बाई रोज अकरा वाजता माझी, या अडखळणाऱ्या माणसाची, वाट बघत बसायची! माझ्या संथ वाचनाचा तिला किती कंटाळा येत असेल!

"चल, आता मेल लाव," ती म्हणाली.

इथे मी दुसऱ्यांदा घसरलो, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून. मेमरी किती उरली ते दाखवणारी एक छोटी आज्ञा लिनक्समध्ये असते. ती दिली की एका ओळीत आकडे येतात: एकूण किती, वापरात किती, 'फ्री' किती, आणि अगदी शेवटी 'अव्हेलेबल' किती. नवखे लोक 'फ्री'चा आकडा बघून घाबरतात. लिनक्स ओटा रिकामा ठेवत नाही. वाचलेल्या फायली पुन्हा लागतील म्हणून तिथेच मांडून ठेवतं आणि जागा लागली की क्षणात उचलतं. म्हणून खरा आकडा शेवटचा. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलंय. पोरं चुकली की ओरडलोय त्यांच्यावर.

मी आवाज बंद केला, आज्ञा दिली आणि ताईला वाचून दाखवलं, "फ्री, शहाण्णव एमबी. बघ, काठोकाठ भरलंय. मेल लावला की अडकणार. आतले मेलही खराब होतील कदाचित." पुढचे आकडे गाळले.

"शहाण्णवच?"

"शहाण्णवच."

तिनं बटणांवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "बरं." मी घरी आलो आणि जेवलो नाही. बायकोला सांगितलं ऊन लागलंय.

तिसऱ्या दिवशी अकराला गेलो तर ताईकडे एक गृहस्थ बसलेले. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मुरारहून, ई-रिक्षानं आले होते, जूनच्या उन्हात, पांढरी काठी घेऊन. जन्मापासून अंध, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, त्या फोनवरच्या गटातले. ताईनं सरबत केलं होतं. मी आलो तसे ते उठून उभे राहिले, माझ्या पावलांच्या दिशेला बरोबर तोंड करून. "नमस्ते मास्टर साहब. दीदी कह रही थीं, मेमरी कम पड़ रही है."

मी त्यांना आठ जीबीचं सगळं पुराण ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. घरी त्यांचं मशीन एक जीबीचं आहे, म्हणाले. पंधरा वर्षांचं. पडदा? पडदा त्यांनी केव्हाच शेजाऱ्याला देऊन टाकला. "हमें क्या करना परदे का?"

मग ते ताईच्या खुर्चीवर बसले. बोटांनी दोन बटणांवरचे उंचवटे शोधले आणि तीच आज्ञा दिली, आवाज चालू ठेवून. माझ्यासाठी गती कमी केली त्यांनी, एवढं सौजन्य दाखवलं. मशीन ओळ वाचू लागलं. एकूण एकोणीसशे पन्नास. वापरात तीनशे ऐंशी. फ्री शहाण्णव. मी खिडकीकडे बघत होतो. मशीन थांबलं नाही. त्याला थांबायचं कारणच नव्हतं. त्यानं उरलेले सगळे आकडे एका सुरात वाचले आणि शेवटी म्हणालं, अव्हेलेबल, चौदाशे.

गृहस्थ अवघडून म्हणाले, "मास्टर साहब से आखिरी आँकड़ा छूट गया होगा." किती सभ्य माणूस! मला तोंड लपवायला जागा नव्हती, आणि ज्यांच्यापासून लपवायचं त्या दोघांनाही ते दिसत नव्हतं.

ताई म्हणाली, "हो. त्याचं सुटतं कधी कधी."

त्यांनी ब्राउझर काढूनच टाकला. मेलसाठी वेगळा साधा प्रोग्राम लावला, जो मेल उतरवून घेतो आणि ओळीत मांडतो. तासाभराचं काम. मग हात लांब करून पडद्याचं बटण चाचपलं आणि तो बंद केला. मी अजून तिथे बघत होतो, काळ्या काचेत माझाच चेहरा दिसला. मशीन चालू होतं, मेल उतरत होते, आकडे वाचले जात होते, आणि बघायला काहीही नव्हतं. सगळं मिळून पावणेसातशे एमबी. निम्मा ओटाही भरला नव्हता. लॅबमध्ये एवढी वर्षं काढून मला जे दिसलं नाही ते या माणसानं बोटांनी दाखवलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्यांचे पाय धरले असते. जिन्यापर्यंत सोडायला गेलो तर माझा खांदा थोपटून म्हणाले, "अब दीदी को किसी की जरूरत नहीं," आणि कठड्याला हात न लावता खाली उतरून गेले.

मी वर आलो. ताईनं कानाला हेडफोन लावला नव्हता. आवाज मोकळा ठेवला होता.

"बस," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वीचा आषाढ काढलाय मी. डॉक्टरांकडे गेलो तो दिवस."

"ताई..."

"तिनं आयुष्यात कधी पावसाबद्दल लिहिलं नव्हतं रे. तू वाचलंस, इंदूरला पाऊस चांगला झाला, तेव्हाच मला वाटलं, हे तिचं वाक्य नाही. पण डोळे गेल्याच्या दिवशी माणूस स्वतःच्या कानांवर तरी किती विश्वास ठेवणार?"

तिनं गती कमी केली. माझ्यासाठी. मग त्या डब्यातल्या आवाजानं मैत्रिणीचा मेल वाचला. गाठ, पसरलीय, फार दिवस नाहीत, एकदा ये, भावाला घेऊन ये. प्रत्येक शब्दाला सारखंच वजन. ताईचे हात मांडीवर होते. मी म्हणालो, "चुकलं माझं. त्या दिवशी तुला आणखी सांगवेना, आणि मग सांगायची वेळच गेली." ती ऐकत होती की नाही कळलं नाही. तिनं खालच्या बाणाचं बटण दाबलं.

खाली आणखी एक मेल होता. इंदूरचाच, आठवड्यानंतरचा. तो होता हे मला माहीत होतं. यादीत ठळक अक्षरात दिसायचा, आणि तीन वर्षं मी तो न उघडता वर सरकत राहिलो होतो. त्यात काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. मशीन वाचू लागलं.

"तुझं लोणच्याचं पत्र मिळालं. वाचून कळलं की तुला कोणी काही सांगितलेलं नाही. राहू दे. तुझ्या डोळ्यांचं मला मुलीनं चौकशी करून सांगितलं. तुझा भाऊ घाबरला असणार, तो घाबरटच आहे, त्याला बोलू नकोस. मी पुन्हा लिहीत नाही, कारण पुन्हा लिहिलं तर तोच वाचणार आणि पुन्हा घाबरणार. पण हे इथे ठेवून जाते. टाइपिंगच्या परीक्षेत परीक्षकांनी बटणांवर रुमाल टाकला होता आणि सगळ्या पोरी रडकुंडीला आल्या होत्या, तेव्हा तू मला म्हणालीस, बरं झालं, आता हातांकडे बघायचा मोह नको. अशी बाई तू. एक ना एक दिवस तू हे आपलं आपण वाचशील. त्या दिवशी आधी माझ्याशी बोल, मग त्याच्याशी भांड."

मशीन थांबलं. मी रडत होतो, आवाज न करता; पण आवाज न करून उपयोग काय, ज्या कानांना अथर्वशीर्षाचं सुटलेलं पद ऐकू यायचं त्यांना माझा श्वास ऐकू येणारच. ताईचा चेहरा मात्र उघडत गेला, तीन वर्षांत मी पाहिला नव्हता तसा. "लिहिलं होतं रे तिनं मला," ती म्हणाली. "दोनदा लिहिलं होतं." मग तोंडावर पदर धरून ती रडली, चार महिन्यांनी फोन आला त्या दिवशी रडायची राहिली होती ती.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही हात बटणांवर ठेवले.

"आता तू घरी जा," ती म्हणाली. "मला तिला उत्तर लिहायचंय."

मी म्हटलं, "ताई, ती आता..."

"माहितीय मला. तुझ्याशी भांडायचंय, ते उद्या अकराला. आज माझी पाळी तिच्याशी बोलायची आहे."

मी चपला घातल्या आणि दार लोटून घेतलं. जिना उतरेपर्यंत वरून बटणांचा आवाज येत होता, मध्ये एकदाही न थांबता.